मुकी अक्षरं आणि मुकादम बाई

इंग्रजीचं स्पेलिंग चुकलं म्हणून तुम्ही शेवटची मान खाली घातलीत, ती कोणासमोर? बँकेतल्या बाबूसमोर, मुलाच्या शाळेतल्या मॅडमसमोर, की दुकानाच्या पाटीवर बोट ठेवून हसणाऱ्या एखाद्या पोरासमोर? नीट आठवून बघा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तेव्हा तुम्ही ‘चालायचंच’ म्हणून हसला होतात. मग इंग्रजीच्या एका अक्षरासाठी एवढी शरम कुठून आली?

भिवंडीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत ही शरम पाचवीपासून शिकवली जायची. पुस्तकात तसा धडा नव्हता, पण प्रत्येक तासाला तोच चालायचा. आठवीत आम्हाला रशीदा मुकादम बाई इंग्रजीला आल्या आणि त्यांनी तो धडाच बंद केला.

पहिल्या तासाला त्यांनी हजेरीसुद्धा घेतली नाही. फळ्यावर के, एन, आय, एफ, ई अशी पाच अक्षरं लिहिली आणि पहिल्या अक्षरावर खडू आपटला.

‘नाइफ. म्हणजे सुरी. आता मला सांगा, हा के इथे काय करतो? आवाज करतो?’

‘नाही बाई.’

‘काही काम करतो?’

‘नाही बाई.’

‘मग सगळ्यांच्या पुढे छाती काढून का उभा आहे?’

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मुकादम असंल, बाई!’

वर्ग फुटला. आमच्यापैकी बहुतेकींचे वडील नाहीतर भाऊ लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. कारखान्यात स्वतः हात न लावता कामगारांवर डोळा ठेवणारा तो मुकादम, हे आम्हाला पाळण्यापासून माहीत. मग एकेकीच्या लक्षात आलं, की नव्या बाईंचं आडनावच मुकादम आहे. हसू जिथल्या तिथे विझलं. आता छडी, असं आम्ही धरून चाललो.

बाईंनी टेबलाला दोन्ही हातांनी धरलं आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. ‘कोण बोललं गो ते? शंभर टक्के बरोबर. बघा, मुका आहे आणि वर दम देतो. मुका-दम! आजपासून जे अक्षर बोलत नाही त्याला या वर्गात मुकादम म्हणायचं. आडनाव माझं आहे, परवानगी माझी आहे.’

तेव्हापासून आमच्या वहीत ‘नी’ म्हणजे गुडघा, त्याचा मुकादम के. ‘डाउट’ म्हणजे शंका, त्याचा मुकादम बी. ‘आयलंड’चा मुकादम एस. ज्या अक्षरांनी आम्हाला तीन वर्षं छळलं होतं, ती आता ओळखीची झाली होती. ओळखीच्या माणसाला कोण घाबरतं?

बाई कोकणी मुसलमान घरातल्या. सासरकडे पूर्वी लूम होते, पुढे ते भावाभावांत वाटले गेले. घरी त्या कोकणी बोलत, वर्गात शुद्ध मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. फिक्या रंगाची साडी, डोक्यावर अर्धा पदर, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत विटेएवढा शब्दकोश. शाळेच्या भिंतीला लागूनच लूमची शेड होती. दिवसभर खटखट चालायची. बाकीच्या बाई त्या आवाजावर ओरडून शिकवत, मुकादम बाई त्या तालावर स्पेलिंग म्हणून घेत. वीज गेली की शेड गप्प व्हायची आणि वर्गातल्या अर्ध्या मुलींचे चेहरे उतरायचे, कारण लूम बंद म्हणजे घरात काय हे त्यांना ठाऊक होतं. बाई म्हणायच्या, ‘चला, इंग्रजीला आता पळायला जागा नाही. तिचा आवाज स्वच्छ ऐकू येतोय. शुद्धलेखन काढा.’

शनिवारी शेवटच्या तासाला कोर्ट भरायचं. एका मुलीच्या गळ्यात पाटी अडकवून तिला टेबलाजवळ उभं करायचं. पाटीवर लिहिलेला शब्द हा आरोपी. एक सरकारी वकील, एक आरोपीची वकील, न्यायाधीश बाई. ‘कर्नल’वरचा खटला मला अजून आठवतो. आरोप असा, की हा इसम लिहिताना मधे एल घालतो आणि बोलताना आर काढतो, सबब तोतया आहे. आरोपीच्या वकिलाने शब्दकोश उघडून सांगितलं, ‘माझा अशील परदेशातून आला. वाटेत दोन देशांत दोन नावं पडली. त्याने एकाचं स्पेलिंग ठेवलं, दुसऱ्याचा आवाज ठेवला.’

‘गुन्हा शाबीत,’ बाई म्हणाल्या. ‘आता शिक्षा. इंग्रजीत शिक्षेलाही सेन्टेन्स म्हणतात आणि वाक्यालाही सेन्टेन्सच म्हणतात. म्हणून शिक्षा ही, की प्रत्येकीने याला आपल्या वाक्यात कोंबायचं. सुटका नाही.’

गलका ऐकून एकदा हेडसर दारात आले. उंच, पांढरा शर्ट इस्त्रीचा, भूमिती शिकवायचे. मुलींचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटे, पण शाळेचा दहावीचा निकाल त्याहून जास्त प्रिय होता.

‘बाई, ही शाळा आहे की कोर्ट?’

‘सर, कोर्टात निदान आरोपीला बोलू देतात.’

हेडसर आल्या पावली परत गेले. बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘नोंद करा, मीही आता आरोपी आहे.’

बाईंची दोन-तीन वाक्यं त्यांच्या तोंडी कायम असायची. ‘चुकलेली भाषा इंग्रजी आहे, तुम्ही नाही. पण मार्क तिच्याकडे आहेत, म्हणून तिची खोड समजून घ्या.’ आणि दुसरं, ‘चूक खोडायची नंतर. आधी ती उलगडायची.’ त्यांच्या लाल पेनाने कधी कुणाच्या उत्तरावर नुसती फुली मारली नाही. फुलीच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘हे कसं सुचलं?’ आणि त्याचं उत्तर तोंडी द्यावं लागायचं.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

नववीच्या वार्षिक परीक्षेत आम्ही सहाजणी इंग्रजीत नापास झालो. बऱ्याच शाळांमध्ये चालणारी एक रीत तुम्हाला माहीत असेल. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्च्या मुलींना नववीतच गाळायचं. कागदावर शाळेचा निकाल झळकतो आणि गाळलेल्या मुलींचं काय झालं हे कोणी विचारत नाही. मी या रीतीला चोरी म्हणते. तेव्हाही म्हणायचे. माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे, त्यामुळे असले शब्द मला घरातच मिळत. मी स्वतः नापास झाले कारण निबंधाच्या जागी मी मराठीत ‘इंग्रजी ही गुलामीची निशाणी आहे’ असं ठणकावून लिहिलं होतं. बाईंनी खाली लिहिलं, ‘घोषणा उत्तम. आता हीच इंग्रजीत लिहून आण.’

पण माझं काही जाणार नव्हतं. मी आणखी एक वर्ष नववीत बसले असते. खरं जाणार होतं ते सुरेखाचं.

सुरेखा भिवंडीजवळच्या दिघाशी गावची. तिची आई भिवंडीत एका लूमच्या शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. मायलेकी रोज सकाळी एकाच एसटीने यायच्या, आई शेडमध्ये, लेक शाळेत. सुरेखाच्या बापाने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, की नापास झाली की शाळा बंद, आईशेजारी बसून कांड्या भरायच्या. गणितात ती वर्गात दुसरी-तिसरी होती. इंग्रजीत मात्र तोंड उघडत नसे.

निकालाच्या दिवशी हेडसर तिची उत्तरपत्रिका घेऊन वर्गात आले. एक प्रश्न भाषांतराचा होता. इंग्रजी वाक्य होतं, ‘शी शेड टिअर्स.’ म्हणजे तिने अश्रू ढाळले. सुरेखाने लिहिलं होतं, ‘ती शेडमध्ये फाडते.’

हेडसरांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. ‘ती शेडमध्ये फाडते! काय फाडते गं? आं? शाळेची अब्रू?’

वर्ग हसला. सुरेखाने बाकाच्या फटीत नख घातलं आणि मान वर केलीच नाही.

मुकादम बाई दारात उभ्या होत्या. आत आल्या, सरांच्या हातातून पत्रिका घेतली, वाचली आणि फळ्यावर ते इंग्रजी वाक्य लिहिलं.

‘सर, एक मिनिट बसा. हे कसं सुचलं ते बघू. शी म्हणजे ती. बरोबर आहे?’

‘बाई, हे आत्ता...’

‘बरोबर आहे. पुढे शेड. भिवंडीतल्या पोरीला शेड म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? खिडकीतून बघा, तुम्हालाही तेच दिसेल. पुढे टिअर. एकाच स्पेलिंगचे दोन शब्द आहेत. एक टेअर, म्हणजे फाडणे. दुसरा टिअर, म्हणजे अश्रू. मी या वर्गाला फक्त पहिला शिकवला होता. आणि आता शेवटचं अक्षर बघा.’ त्यांनी एसभोवती एवढा मोठा गोल काढला की खडू तुटला. ‘कर्ता एकटी ती असेल तर वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो. या वर्गातल्या अर्ध्या पास मुली तो एस विसरतात. हिने तो एस पाहिला, म्हणून टिअर्सला क्रियापद धरलं. हिला व्याकरण येत नाही कोण म्हणतो? हिचं व्याकरण पक्कं आहे. एका वेषात दोन शब्द फिरवायची लबाडी इंग्रजीने केली, आणि हसं हिचं झालं!’

वर्गात कोणी हसलं नाही. हेडसर उठले. ‘तुमचं भाषण छान आहे. पण बोर्ड हे ऐकणार नाही.’

‘बोर्डाने ऐकू नये. तुम्ही ऐका. जूनमध्ये फेरपरीक्षा घ्या.’

‘पेपर मी काढीन. तपासीन मीच. आणि यांच्यामुळे पुढच्या वर्षी निकाल पडला तर?’

‘तर दहावीचं इंग्रजी माझ्याकडून काढून घ्या. पाचवीला एबीसीडी शिकवीन.’

हेडसरांनी पत्रिका परत घेतली. ‘लक्षात ठेवा हं बाई.’

‘तुम्हीही ठेवा सर.’

दुसऱ्या दिवशी सुरेखा प्रगतिपुस्तक न्यायला आली नाही. आली तिची आई, मधल्या सुट्टीत शेडमधून तशीच उठून. केसांत, भुवयांवर सुताचा पांढरा भुरा.

‘बाई, पोरगी बोलते, शालेन न्हाय जायची. सगली हसली तिला. आता बाप कशाला ऐकंल? त्याला त तेवढाच पायजे.’

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि ‘ती शेडमध्ये फाडते’ची सगळी हकीकत सांगितली. आईने ऐकलं, विचार केला आणि एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागली. ‘शेडन फाडते? अवो बाई, शेडन कापड फाडला त शेट मनाच फाडंल!’

दोघी पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर आईने विचारलं, ‘मंग पोरीचा चुकला की न्हाय चुकला?’

‘उत्तर चुकलं. डोकं नाही चुकलं.’

आई उठली. ‘मंग मी रोज तिला माझेसंगं आनते. तुमी शिकवा. जूनपरत बापाला मी बघते.’

मे महिन्यात शाळेला कुलूप. वर्ग कुठे भरवायचा? मी वडिलांना विचारलं. युनियनची कचेरी दुपारी रिकामी असायची. तिथे एक लांब टेबल, दोन बाकं आणि भिंतीला लागून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे. बाईंची नजर पहिल्यांदा त्या गठ्ठ्यांवर गेली.

‘दादा, ही पत्रकं एका बाजूने कोरी आहेत. मला देता?’

वडील म्हणाले, ‘बाई, साहेबाची भाषा आमच्या पत्रकाच्या पाठीवर?’

‘पाठीवरच बसवते दादा, डोक्यावर नाही. आणि मला सांगा, मालकाची नोटीस कामगाराला कोणत्या भाषेत येते?’

‘इंग्रजीत.’

‘मग ती वाचणार कोण? की नुसता अंगठा द्यायचा आणि मग त्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं?’

माझ्या वडिलांना मी सभेत मालकांच्या वकिलांशी भांडताना पाहिलं आहे. त्या दुपारी त्यांनी मुकाट्याने गठ्ठा सोडून दिला, आणि वर पाण्याचा माठ भरून ठेवला.

अशी आमची शब्दकोडी सुरू झाली. पुढे ‘कामगार बंधूंनो, एक व्हा!’ आणि मागे बाईंनी पट्टीने आखलेले चौकोन. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, ‘घाबरायचं कारण नाही. कोडं म्हणजे कापड. काही धागे उभे, काही आडवे. जिथे दोन धागे एकमेकांना छेदतात तिथे अक्षर एकच असतं. आडवा शब्द चुकला तर उभा सांगतो. इथे कोणी एकटं नाही.’ सूत्रंही आमच्याच गावची. ‘लूमवर चढतो आणि सूर्यातूनही निघतो, चार अक्षरं.’ बीम! सूर्याचा किरण म्हणजेही बीम आणि ज्या मोठ्या रुळावर सूत गुंडाळतात तोही बीमच. ‘पुढे मुकादम के, धागा तुटला की मारतात.’ नॉट, म्हणजे गाठ. पाचजणी ओरडून उत्तरं द्यायच्या. सुरेखा चौकोन भरायची, सगळे बरोबर भरायची, पण आवाज नाही. बाईंनी तिला कधी बोल म्हटलं नाही.

त्यांनी एसचीही गोष्ट तिथेच सांगितली. ‘ती एकटी असली की क्रियापदाला एक एस मिळतो. लक्षात ठेवा, एकच. नकारार्थी वाक्यात डझ येऊन बसतो. हा डझ हावरा. एस तो आपल्या खिशात घालतो. मग मागच्या क्रियापदाला एस कुठून मिळणार? शी वर्क्स. पण शी डझ नॉट वर्क. एस शोधायचा असेल तर डझचा खिसा तपासा.’

एका दुपारी बाईंनी कोर्ट भरवायचं ठरवलं. पाटी घेऊन त्या विचारत होत्या, आज आरोपी कोण. कोपऱ्यातून आवाज आला, ‘मना बोलायचाय.’

आम्ही वळून पाहिलं. सुरेखा उभी होती. तिने पाटी घेतली, त्यावर एस, एच, ई, डी लिहिलं, ती पाटी माझ्या गळ्यात अडकवली आणि मला टेबलाजवळ ढकललं.

‘ह्याने मना फसवला. सगल्यांसमोर. घर म्हनून दाखवला आनि ढालला म्हनून निघाला. मना ह्याला सोडायचा न्हाय.’

मी, म्हणजे शेड, गळ्यातली पाटी सावरत उभी. बाईंनी न्यायाधीशाचा चेहरा केला आणि शब्दकोश उघडला. वाचता वाचता त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग टेबलावर थाप मारून उभ्याच राहिल्या. ‘अगो, याच्यावर आणखी एक कलम लागतंय! आपण दोनच अर्थ धरून बसलो होतो. विणताना उभे धागे वर-खाली होतात आणि मधे धोटा जायला वाट उघडते ना, तिलाही इंग्रजीत शेडच म्हणतात!’

सुरेखाने डोळे मोठे केले. ‘म्हंजे शेडमधे शेड?’

‘शेडमधल्या लूममध्ये शेड.’

सुरेखा हसली. आम्ही तिला वर्षभरात पहिल्यांदा अशी हसताना बघत होतो. तिने माझ्याकडे, म्हणजे आरोपीकडे, बोट केलं. ‘तीन तीन घरा करून बसलाय! ह्याला सजा. रोज माझे वाक्यान बसायचा. मी सांगंन त्या अर्थान.’

‘सजा मंजूर,’ बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून सुरेखा बोलायला लागली ती थांबलीच नाही. घरी जाताना एसटीत ती आईला स्पेलिंग विचारायला लावायची. आईला वाचता येत नव्हतं. ती नुसती वस्तू दाखवायची, खिडकी, चाक, छत्री, आणि लेकीने अक्षरं म्हणायची. एखादं अक्षर राहिलं की आई विचारायची, ‘ह्याचा मुकादम खय गेला?’

जूनच्या पहिल्या आठवड्यात फेरपरीक्षा झाली. हेडसरांनी पेपर अवघड काढला होता, आणि सरळ काढला होता. त्यांच्यावर अन्याय करायचा नाही मला. पर्यवेक्षणालाही तेच. बाई ठरल्याप्रमाणे बाहेर व्हरांड्यात. चौथा प्रश्न मी दोनदा वाचला. ‘शेड’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वाक्यांत वापरा. सरांनी तो मुद्दाम घातला होता. मी सुरेखाकडे पाहिलं. ती खाली मान घालून लिहीत होती.

हेडसर फिरत फिरत तिच्या मागे आले आणि तिथेच थांबले. वाकून तिचं उत्तर वाचलं. मग ते दाराशी गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

‘बाई, चौथ्या प्रश्नात तिने काय लिहिलंय माहीत आहे?’

‘मी आत नाही आले सर. तुमची अट होती.’

‘माय मदर वर्क्स इन अ शेड. शी डझ नॉट शेड टिअर्स.’

माझी आई शेडमध्ये काम करते. ती अश्रू ढाळत नाही.

बाईंनी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, ‘वर्क्सला एस आहे?’

‘आहे.’

‘आणि डझनंतर शेडचा एस काढलाय?’

‘काढलाय, बाई.’ हेडसरांनी वळून सुरेखाकडे पाहिलं. ‘काढलाय.’

आम्ही सहाही जणी पास झालो. मी काठावर, सुरेखा चांगल्या मार्कांनी. हेडसरांनी तिची उत्तरपत्रिका पुन्हा वर्गात आणली. नव्या दहावीच्या वर्गासमोर तिला उभं केलं आणि तीच दोन वाक्यं तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. मग म्हणाले, ‘मागे मी ज्या आवाजात हिचं वाचलं होतं, त्याहून हिचा आवाज चांगला आहे.’ एका भूमितीच्या मास्तरांनी भर वर्गात याहून जास्त काय म्हणायचं? मधल्या सुट्टीत सुरेखा शाळेच्या फाटकातून धावत सुटली ती थेट आईच्या शेडमध्ये. त्या खटखटाटात तिने काय सांगितलं ते आईला ऐकू गेलं नसणार. पण शेजारच्या कांडीवाल्या बायकांनी पुढे आम्हाला सांगितलं, की तिच्या आईने चालू चरखा सोडून लेकीला कडेवर उचललं, आणि मुकादम ओरडायला आला तर त्यालाच म्हणाली, ‘तू मुका र्‍हा!’

पुढच्या वर्षी दहावीला शाळेचा निकाल पडला नाही. इंग्रजीत तर वर चढला. बाईंना पाचवीला एबीसीडी शिकवावी लागली नाही.

नव्वदच्या दशकात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात जुन्या मुली एवढ्या आल्या, की निम्म्या व्हरांड्यात उभ्या. एकेक जण उठून सांगत होती, बाईंनी आमची इंग्रजीची भीती घालवली. शेवटी बाई बोलायला उभ्या राहिल्या. ‘या सगळ्या खोटं बोलतात. भीती नव्हतीच यांना. राग होता. तो स्वतःवर काढत होत्या. मी फक्त त्याचा पत्ता बदलला.’ दुसऱ्या आठवड्यात त्या बहिणीकडे महाडच्या बाजूला राहायला गेल्या. आम्ही सामान ट्रकवर चढवलं. शब्दकोश त्यांनी कोणाला दिला नाही, मांडीवर घेऊन पुढे बसल्या.

सुरेखा आज भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात कारकून आहे. गाड्या भरणाऱ्या कामगारांपुढे इंग्रजी कागद आला, की आधी ती तो मराठीत, नाहीतर हिंदीत, वाचून दाखवते आणि मगच सही करू देते. मालकाने एकदा विचारलं, तुला हे करायला कोणी सांगितलं? ती म्हणाली, ‘कोर्टाने.’

हे वाचून बाजूला ठेवणार असाल तर मी उगाच लिहिलं. म्हणून एक काम सांगते, ते या आठवड्यात करा. तुमच्या घरात, चाळीत, शेजारी कोणातरी मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका आली असेल. त्याने मिळवलेले मार्क बघू नका. एक चुकलेलं उत्तर निवडा, ते लिहिणाऱ्या मुलाला आपल्या शेजारी बसवा आणि त्याला विचारा, ‘हे कसं सुचलं?’ विचारून झालं की गप्प राहा. ते सांगेल ते सगळं, पार शेवटपर्यंत, ऐका.